आजी असलेला 'अनाथ' मुलगा: सिएम रीपमधलं एक प्रकरण

मेलबर्नमध्ये शिक्षणशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेणारी नाशिकची एक मुलगी सप्टेंबरअखेरच्या सुट्टीत कंबोडियातल्या सिएम रीपला गेली. तिच्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने हा कार्यक्रम आखला होता. सकाळी एका बालगृहात मुलांना इंग्रजी शिकवायचं, दुपारी त्यांच्याबरोबर खेळायचं, शनिवार-रविवारी अंकोरची मंदिरं पाहायची. पैसे भरले, लसी टोचून घेतल्या, चित्रांची कार्डं आणि गोष्टींची पुस्तकं बॅगेत कोंबली आणि ती निघाली. बालगृहाच्या माहितीपत्रकात तिथली सगळी मुलं अनाथ असल्याचं छापलं होतं.

मुक्काम निम्मा झाला असेल, तेव्हा एका सकाळी फाटकाशी मोटारसायकलवरून एक म्हातारी बाई उतरली. वर्गातला नऊ वर्षांचा एक मुलगा "येय! येय!" असं ओरडत उठला आणि धावत सुटला. ख्मेर भाषेत आजीला येय म्हणतात, एवढं या मुलीला एव्हाना कळू लागलं होतं. बालगृहाच्या व्यवस्थापकाने, ती लांबची नातेवाईक आहे, असं सांगून विषय मिटवला. संध्याकाळी भांडी आवरताना स्वयंपाकाच्या बाईंनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत खरं काय ते सांगितलं. ती सख्खी आजी होती. मुलाचे आई-वडील दोघेही हयात होते आणि थायलंडमध्ये बांधकामावर मजुरी करत होते.

त्या रात्री तिने मला फोन केला. महाराष्ट्रातल्या बालगृहांमधल्या मुलांसोबत मी बरीच वर्षं काम केलं आहे आणि तिच्या आईची मैत्रीण म्हणून ती मला मावशी म्हणते. तिचा प्रश्न सरळ होता, "मावशी, आता मी इथे थांबू की निघून जाऊ?" त्या प्रश्नाभोवतीचं प्रकरण तिच्या परवानगीने इथे मांडते आहे. मुलाची किंवा संस्थेची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, काही बदलले आहेत. परदेशात शिकणारी आपली कितीतरी मुलं अशा कार्यक्रमांना जातात. कुणी बायोडेटासाठी जातं, पण बहुतेक जण मनापासून जातात, आणि मनापासून जाणाऱ्यांसाठीच हे लिहावंसं वाटलं.

पहिले काही दिवस

बालगृह शहराच्या कडेला होतं. दुमजली इमारत, भिंतीवर फुलपाखरं रंगवलेली, फाटकावर इंग्रजी पाटी आणि आत शिरताच देणगीची पेटी. तिशीच्या आसपास मुलं, त्यांना सांभाळायला मोजकी माणसं, आणि जवळजवळ वर्षभर येत-जात राहणारे परदेशी तरुण. शुक्रवारी संध्याकाळी मोठ्या मुली पर्यटकांपुढे अप्सरा नृत्य करत आणि त्यानंतर ती पेटी पाहुण्यांमध्ये फिरत असे.

व्हिक्टोरिया राज्यात शाळेत प्रशिक्षणार्थी म्हणून पाऊल ठेवायच्या आधी या मुलीला 'वर्किंग विथ चिल्ड्रन चेक' ही सरकारी तपासणी पार करावी लागली होती. तिची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली गेली, तेव्हा कुठे तिला मुलांसमोर उभं राहता आलं. इथे तिच्याकडे पासपोर्टच्या झेरॉक्सपलीकडे कुणी काही मागितलं नाही. पहिल्याच दिवशी ती मुलींच्या झोपायच्या खोलीत बसून त्यांच्या वेण्या घालत होती. तिच्या मनात काही वावगं नव्हतं. पण ज्याच्या मनात असेल, त्यालाही हेच फाटक इतक्याच सहज उघडलं असतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात तिने रंगांची कार्डं काढली. निळं कार्ड अजून बॅगेतून पुरतं बाहेरही आलं नव्हतं, तोच मघाशी सांगितलेला मुलगा म्हणाला, "ब्लू." मग हिरवं, मग पिवळं. सगळी मुलं एका सुरात उत्तरं देत होती आणि तिच्याकडे पाहून हसत होती. तिला वाटलं, किती हुशार आहेत ही मुलं! नंतर कपाट उघडलं, तर आत रंगांच्या कार्डांचे असेच कितीतरी गठ्ठे पडलेले. येणारी प्रत्येक तुकडी रंगांपासून आणि एक ते दहापासूनच सुरुवात करत होती. मुलांनी हा धडा किती वेळा गिरवला असेल, कोण जाणे. पुढचा धडा त्यांना कुणी दिलाच नव्हता, कारण पुढच्या धड्यापर्यंत कुणी थांबत नव्हतं. त्यांचा हात धरून वर्षभर शिकवणारा ख्मेर शिक्षक त्या बालगृहात नव्हता.

त्याच दिवशी हा मुलगा तिच्या मांडीवर येऊन बसला आणि त्याने तिला हाक मारली ती आधीच्या स्वयंसेविकेच्या नावाने. तिने हसून आपलं नाव सांगितलं. त्याने ते एकदा म्हणून पाहिलं आणि दुपारी पुन्हा जुन्याच नावाने हाक मारली. हे सांगताना फोनवर तिचा आवाज कातर झाला होता. आजी येण्याच्या आधीपासूनच तिला आत काहीतरी खटकत होतं, ते इथून.

ही मुलं तिथे येतात कशी

आजी त्याच दिवशी का आली, हेही समजून घ्यायला हवं. भाद्रपदाच्या वद्य पक्षात, आपल्याकडे पितृपक्ष असतो त्याच दिवसांत, कंबोडियात 'प्चुम बेन' असतो. पंधरा दिवस लोक पॅगोड्यांमध्ये जातात, भिक्खूंना जेवण देतात, पितरांसाठी पहाटे भाताचे पिंड ठेवतात. शहरात गेलेली माणसं गावी परततात. आजीला नातू पितरांच्या कार्यासाठी घरी हवा होता. ज्या मुलाला पितर माहीत आहेत, गाव माहीत आहे, आजी न्यायला येते, त्याला जगासमोर अनाथ म्हणून उभं केलं होतं.

कंबोडियात खरोखरच्या अनाथांचा काळ होऊन गेला. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत लाखो माणसं मारली गेली, उपाशी मेली, आणि त्यानंतरची अनेक वर्षं आई-वडील गमावलेली मुलं गावोगाव होती. पण बालगृहांची संख्या वाढली ती पुढे, देशात शांतता आल्यावर आणि पर्यटक येऊ लागल्यावर. २००५ ते २०१० या काळात संस्था १५४ वरून २६९ झाल्या, म्हणजे पाच वर्षांत ७५ टक्के वाढ. याच सुमाराच्या पाहणीत, या संस्थांमधल्या दर चारपैकी सुमारे तीन मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं समोर आलं. पुढे सरकारने युनिसेफच्या मदतीने देशभर मोजदाद केली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात ४०६ निवासी संस्था आणि त्यांत राहणारी १६,५७९ मुलं नोंदली आहेत. ज्या प्रांतांत पर्यटक जास्त, तिथे संस्थाही जास्त. अंकोरमुळे सिएम रीप त्यात अर्थातच पुढे.

पालक मुलांना का पाठवतात? मुलं नकोशी झाली म्हणून नव्हे. गावातली शाळा सहावीपर्यंत असते, पुढची शाळा लांब असते, जायला सायकल नसते. कर्ज काढलेलं असतं, ते फेडायला आई-वडील सरहद्द ओलांडून थायलंडला जातात. अशा वेळी कुणीतरी येऊन सांगतं की शहरात इंग्रजी शिकवतात, कॉम्प्युटर शिकवतात, तीन वेळचं जेवण मिळतं. या मुलाच्या आजीला असंच सांगितलं गेलं होतं. त्याची मोठी बहीण घरीच राहिली, कारण आजीच्या हाताखाली कुणीतरी हवं होतं. नातू शिकून मोठा होईल या आशेने आजीने त्याला पाठवलं. तिच्या जागी मी असते तर मीही कदाचित तेच केलं असतं.

आता या साखळीत आपली विद्यार्थिनी कुठे बसते ते पाहू. तिने भरलेल्या पैशांतला काही भाग मेलबर्नच्या मध्यस्थांकडे गेला, काही बालगृहाकडे. ते पैसे येत राहावेत म्हणून बालगृहात मुलं असावी लागतात, शक्यतो लहान, हसरी, परक्यांच्या गळ्यात पडणारी. खाटा भरलेल्या राहतात, कारण त्या भरलेल्या दिसल्या तरच पुढची तुकडी येते. तिची माया खरी होती, याबद्दल मला शंका नाही. पण तिच्यासारख्यांच्या मायेवर ती व्यवस्था उभी होती, आणि त्या मायेची किंमत तो मुलगा आजीपासून दूर राहून चुकवत होता.

ऑस्ट्रेलियात याचा अभ्यास चांगला झाला आहे. ग्रिफिथ विद्यापीठातल्या कायद्याच्या अभ्यासक कॅथ्रिन व्हॅन डोअर यांनी २०१६ मध्ये 'कागदी अनाथ' ही संकल्पना मांडली. कुटुंब असलेल्या मुलाला कागदोपत्री अनाथ ठरवून संस्थेत ठेवणं आणि त्याच्यावर पैसे मिळवणं ही मानवी तस्करी धरायला हवी, असं त्यांचं म्हणणं. त्या स्वतः परदेशातली बालगृहं चालवणाऱ्या संस्थेत होत्या आणि त्यांतली मुलं अनाथ नसल्याचं त्यांना तिथेच कळलं होतं. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेच्या समितीने आधुनिक गुलामगिरीची चौकशी केली, तिच्या अहवालात हा विषय स्वतंत्रपणे आला. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही बालहक्कांवरच्या ठरावात, पर्यटनाच्या निमित्ताने बालगृहांत होणाऱ्या स्वयंसेवेतून मुलांना होणारी हानी रोखा, असं सदस्य देशांना सांगितलं. या मुलीच्या गटाला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. सहलीआधीच्या बैठकीत डासांपासून जपण्यावर बराच वेळ गेला, मुलांना जपण्यावर कुणी बोललं नाही.

मांडीवर येऊन बसणं

माझ्या मते या प्रकरणात सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतो, म्हणून थोडं थांबते. तिने मला विचारलं, "पण मावशी, त्यांना माझा लळा लागला होता गं. पहिल्या दिवसापासून. ते खोटं होतं का?"

मुलाच्या बाजूने ते खोटं नसतं. पण कुटुंबात वाढणारं मूल अनोळखी माणूस आला की आधी आईच्या मागे लपतं, अंदाज घेतं, मग हळूहळू जवळ येतं. संस्थेत वाढणारी बरीच मुलं हा मधला टप्पाच ओलांडतात. जो येईल त्याचा हात धरतात, मांडीवर बसतात, आणि तो गेला की पुढच्याकडे वळतात. महाराष्ट्रातल्या बालगृहांमध्ये मी हे सतत पाहिलं आहे. देणगीदार म्हणतात, "किती प्रेमळ मुलं आहेत!" मला त्या क्षणी त्या मुलांची काळजी वाटते.

यावर सर्वांत काटेकोर अभ्यास झाला तो रोमानियात. १९८९ मध्ये तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याची राजवट कोसळली तेव्हा तिथल्या सरकारी संस्थांत एक लाखाहून अधिक मुलं होती. २००० मध्ये चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकी संशोधकांनी बुखारेस्टमधली संस्थांतली १३६ लहान मुलं निवडली. त्यांतली निम्मी मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून सांभाळ करणाऱ्या कुटुंबांत ठेवली आणि सगळ्यांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि भावनिक नाती दोन्ही सुधारली, आणि जी मुलं दोन वर्षांची होण्याआधी गेली त्यांना जास्त फायदा झाला. रोमानियातल्या संस्था फार वाईट होत्या. सिएम रीपच्या त्या बालगृहात मुलांना पोटभर जेवण मिळत होतं, ती खेळत होती. दोन्ही एका मापाने मोजणं बरोबर नाही. पण एकच माणूस रोज, वर्षानुवर्षं आपल्यासाठी आहे, ही मुलाची गरज दोन्हीकडे तीच असते, आणि दोन आठवड्यांसाठी आलेली कितीही प्रेमळ ताई ती भागवू शकत नाही. ती गेली की मूल आणखी एकदा सोडून दिलं जातं.

फोनवर ठरलं ते

तिच्यासमोर तीन रस्ते होते आणि तिन्ही तिला चुकीचे वाटत होते. काही न बोलता मुक्काम पूर्ण करायचा. दुसऱ्याच दिवशी बॅग उचलून निघायचं. किंवा व्यवस्थापकाला जाब विचारायचा आणि सगळं इन्स्टाग्रामवर टाकायचं. गटातल्या एका मुलाने तिसऱ्याची तयारीही केली होती, त्याने फोटो काढून ठेवले होते.

तिसरा रस्ता मी तिला ठामपणे नाकारायला सांगितला. बाहेरून दबाव आला की अशा संस्था मुलांना रातोरात दुसरीकडे हलवतात, आणि मग कुणाला आजी होती हे शोधणंही अवघड होऊन बसतं. शिवाय माहिती कुणी दिली हे दोन मिनिटांत उघड झालं असतं, आणि स्वयंपाकाच्या बाईंची नोकरी गेली असती. मुलांचे फोटो तर त्याने तेव्हाच पुसून टाकायला हवे होते. आपल्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. कंबोडियात आपला कायदा लागू नाही, पण त्यामागचं कारण तिथेही तितकंच लागू आहे.

"मग मी उद्या निघते," ती म्हणाली. "मला त्याच्या डोळ्याला डोळा देता येत नाहीये."

मी म्हटलं, "तू आज ना उद्या जाणारच आहेस गं. प्रश्न कसं जायचं हा आहे. न सांगता गेलीस तर त्याच्या आयुष्यातून गुपचूप नाहीशा झालेल्या माणसांत तुझी भर पडेल. उरलेले दिवस थांब, पण मुलांपासून हळूहळू दूर हो. वर्ग बंद कर. स्वयंपाकघरात हात लाव, भाजी चिर, पुस्तकांवर ख्मेर अक्षरांत नावं लिहून घे. मांडीवर कुणी आलं तर उचलून बाजूला ठेवू नकोस, पण बोलावूही नकोस. आणि आपण कधी जाणार आहोत, हे सगळ्यांना आजच सांगून टाक."

मुलांना काहीही विचारायचं नाही, हेही मी तिला बजावलं. "तुझी आई कुठे आहे?" हा प्रश्न परक्या माणसाने विचारायचा नसतो. त्याचं उत्तर देताना मूल कुणाशी तरी बेइमान होतं, संस्थेशी किंवा घराशी, आणि ते ओझं नऊ वर्षांच्या मुलावर टाकायला आपण कोण? तिने फक्त स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं तारीखवार लिहून ठेवलं, स्वयंपाकाच्या बाईंचा उल्लेख पूर्ण टाळून. सिएम रीप सोडल्यावर तिने ती नोंद बालसंरक्षणाचं काम करणाऱ्या 'चाइल्डसेफ' या उपक्रमाला कळवली. हा उपक्रम 'फ्रेंड्स इंटरनॅशनल' ही संस्था चालवते. २०११ मध्ये युनिसेफबरोबर 'मुलं ही प्रेक्षणीय स्थळं नव्हेत' अशी मोहीम त्यांनीच काढली होती. पर्यटकांच्या तक्रारी घेण्याची त्यांची पद्धत ठरलेली आहे आणि स्थानिक समाजकल्याण खात्याशी बोलायचं काम त्यांची ख्मेर माणसं करतात. मेलबर्नहून आलेल्या मुलीने प्रांताच्या कार्यालयात जाऊन भांडण्यापेक्षा हे कितीतरी बरं. कंबोडिया सरकारही या बाबतीत हातावर हात ठेवून बसलेलं नाही. निवासी संस्थांवर नियंत्रणासाठी २०१५ मध्ये उपआदेश निघाला, आणि नंतर पाच प्रांतांतल्या संस्थांमधल्या ३० टक्के मुलांना कुटुंबात परत नेण्याचं उद्दिष्ट ठरवलं गेलं.

परतल्यावर

मुलाचं पुढे काय झालं हे तिला कळलेलं नाही. माहिती मिळाली, योग्य ठिकाणी पोचवली, एवढंच उत्तर तिला आलं. ती चिडली. मला मात्र ते उत्तर फार आश्वासक वाटलं. मूल घरी पाठवायचं तर आधी आई-वडिलांशी बोलावं लागतं, आजीची प्रकृती पाहावी लागते, शाळेची सोय करावी लागते, आणि मूल घरी गेल्यावरही महिनोन्‌महिने भेटी द्याव्या लागतात. त्या मुलाची ही सगळी कहाणी सुट्टीत भेटलेल्या एका विद्यार्थिनीला ई-मेलने कळवणारी संस्था मला विश्वासाची वाटली नसती.

विद्यापीठात तिने गटासमोर हे सगळं मांडलं तेव्हा दोन तट पडले. "निदान तिथे मुलांना जेवण तरी मिळत होतं," असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. हा मुद्दा हलका नाही. बालगृह अचानक बंद झालं आणि घरी शिजायला तांदूळ नसले तर मुलाचे हालच होतील. म्हणूनच तर आधी घर उभं करावं लागतं. एका मुलाला संस्थेत ठेवायला इमारत, पहारेकरी, व्यवस्थापक, जनरेटर, सगळं लागतं. त्याच मुलाला घरी ठेवायला सायकल, शाळेची फी, तांदूळ आणि अधूनमधून येणारी समाजसेविका पुरते. गटाने शेवटी बालगृहाचा कार्यक्रम रद्द केला. इंग्लंडमधल्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने आपल्या विद्यार्थ्यांसाठी बालगृहांतल्या स्वयंसेवेच्या जाहिराती देणं कधीच थांबवलं आहे, हे तिने दाखवल्यावर विरोध बराच मावळला. आता गटातले विद्यार्थी स्थानिक शिक्षकांना इंग्रजी संभाषणाचा सराव देण्याचं काम ऑनलाइन करतात. मुलांसमोर शिक्षकच उभे राहतात, आणि ते पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहेत.

या निमित्ताने आपल्या घरचंही बोलायला हवं. वाढदिवस, पुण्यतिथी, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, काहीही असलं की आपण बालगृहात जेवण द्यायला जातो. मुलं ओळीने बसतात, प्रार्थना म्हणतात, केक कापला जातो, फोटो निघतात. आपल्याकडच्या बालगृहांतल्याही अनेक मुलांना आई असते, वडील असतात, गरिबीने किंवा घर मोडल्याने ती तिथे आलेली असतात. त्यांना घरीच राहता यावं म्हणून महाराष्ट्र सरकारची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिच्यात मुलाच्या संगोपनासाठी कुटुंबाला दरमहा २,२५० रुपये मिळतात. कितीतरी विधवा आयांना, आजी-आजोबांना या योजनेचा अर्ज कसा भरायचा हेच माहीत नसतं. वाढदिवसाच्या दिवशी अशा एका आजीबरोबर जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन कागद पूर्ण करून दिले, तर एखादं मूल बालगृहाच्या दारापर्यंत येणारच नाही.

एका गोष्टीवर तिचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. शिकता शिकता ती एका कॅफेत काम करते आणि त्यातले काही पैसे तिला त्याच मुलाच्या घरी पाठवायचे आहेत. माझं म्हणणं, पैसे कुटुंबांना मदत करणाऱ्या संस्थेला दे, पण कुणाचंही नाव न घेता. एका घरी परदेशातून डॉलर आले की शेजारच्या घरी वाटतं, आपणही मूल पाठवायला हवं होतं. तिचं म्हणणं, "मावशी, मी त्याचा चेहरा पाहिलाय, मी नाव न घेता कसं देऊ?" मी तिला पुन्हा समजावणार आहे. पुढच्या महिन्यात ती नाशिकला येते आहे, तेव्हा सविस्तर बोलू.